दीड मैल उत्तरेला

भाताच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि स्वयंपाकघरातल्या तिघीही दचकल्या. शाल्मलीच्या आईनं, हर्षदानं, गॅस बारीक केला, झाकण जरा कलतं ठेवलं आणि पुन्हा मोबाइलमधल्या नकाशाकडे पाहू लागली.

नकाशावर एक हिरवा ठिपका होता. तो ठिपका म्हणजे ‘जलपरी’, शाल्मलीच्या बाबांची, सिद्धेश केळुसकरची, मासेमारीची होडी. काल दुपारी समुद्रात गेलेली जलपरी सकाळी आठला खाडीत शिरायला हवी होती. आता साडेनऊ होत आले होते. बाहेर इतकं धुकं होतं, की अंगणात वाळत घातलेली जाळीसुद्धा दिसत नव्हती. आणि ठिपका होता डोंगरावर, शाळेमागच्या काजूच्या बागेत.

नऊ वर्षांच्या शाल्मलीला आधी हसूच आलं. होडी डोंगर चढून काजूच्या बागेत गेली कशी? मग तिचं लक्ष आईच्या बोटांकडे गेलं. आई पदराचं टोक गुंडाळत होती आणि सोडत होती.

“आपलीच नाही,” ती मृणालआजीला म्हणाली, “गावातल्या बाकीच्या दहाही होड्या डोंगरावरच दिसतायत. एकावर एक.”

मृणालआजी म्हणजे आईची मावशी. रेडिओलहरींवर संशोधन करण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. खाडीपलीकडे उभ्या असलेल्या उंच लोखंडी मनोऱ्याची तपासणी करायला ती दोन दिवसांपूर्वी गावात आली होती. तिनं शाल्मलीला जवळ घेतलं. वाट बघत नुसतं बसण्यापेक्षा पोरीला काही सांगितलेलं बरं, असं तिला वाटलं असावं.

तिनं विचारलं, वीज चमकल्यावर गडगडाट यायला वेळ लागतो, त्यावरून वीज किती लांब पडली ते सांगता येतं ना? शाल्मलीला ते येत होतं. उपग्रहांचंही तसंच आहे, आजी म्हणाली. हजारो किलोमीटर उंचीवरून प्रत्येक उपग्रह सतत एकच गोष्ट सांगत असतो: ‘मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत.’ त्याच्यापाशी अणुघड्याळ (अणूंच्या कंपनांवर चालणारं, अतिशय अचूक घड्याळ) असतं. संकेत पोचायला किती वेळ लागला, यावरून होडीतलं यंत्र त्या उपग्रहाचं अंतर काढतं. असे चार उपग्रह ऐकू आले, की होडी नेमकी कुठे आहे ते कळतं.

“पण इतक्या लांबून येता येता तो आवाज अगदी बारीक होतो,” आजी म्हणाली. “मालवणच्या बाजारात कुणी कुजबुजावं आणि आपण देवगडला कान लावून ऐकावं, तसा. मग कुणी लबाड माणूस तुझ्या कानाशी येऊन त्याच आवाजात कुजबुजला तर?”

“मला तोच खरा वाटेल.”

“आज तेच झालंय. कुणीतरी उपग्रहांची नक्कल करून खोटे संकेत सोडतंय. याला छद्मसंकेत (खऱ्यासारखा भासणारा बनावट संकेत) म्हणतात.”

मग बाबांना घर कसं सापडणार, हे शाल्मलीनं विचारलं नाही. पण ते तिच्या तोंडावर दिसत होतं. आजीनं खिडकीकडे बोट केलं. धुक्यात मनोरा दिसत नव्हता, पण तो तिथे होता. किनाऱ्यावर असे पाच मनोरे आहेत, तेही अंतर मोजायला वेळेचे संकेतच पाठवतात. पण कुजबुजत नाहीत, ढोल बडवतात. त्यांच्या लहरी लांबच लांब असतात, समुद्राच्या पाठीला धरून शेकडो मैल जातात, धुक्याला जुमानत नाहीत. आणि ढोलाची नक्कल करायची तर तेवढाच मोठा ढोल आणावा लागतो. तो खिशात लपत नाही.

हे मनोरे सहज उभे राहिलेले नव्हते. रोज लागत नाही ती वस्तू माणसं आधी अडगळीत टाकतात. उपग्रह असताना मनोरे कशाला, असं पुष्कळांचं म्हणणं होतं. शेवटी संसदेत विधेयक (कायद्याचा मसुदा, ज्यावर चर्चा होते, मतं घेतात) आलं. चर्चा झाली आणि कायदा झाला: सरकारनं मनोरे चालू ठेवायचे, प्रत्येक होडीत उपग्रहाचं आणि मनोऱ्याचं अशी दोन यंत्रं हवीत, आणि दोघांचं उत्तर जुळलं नाही तर घंटा वाजली पाहिजे. मसुदा लिहिणाऱ्या समितीत मृणालआजी होती.

तेवढ्यात फळीवरचा वायरलेस खरखरला. दुसऱ्या होडीचा म्होरक्या, बाबल्या तांडेल, बोलत होता. त्याची आणि बाबांची समुद्रात कायम चढाओढ. तो सांगत होता, की घंटा वाजल्याबरोबर दहा होड्यांनी आहे तिथेच नांगर टाकलेत, धुकं निवळेपर्यंत कुणी हलणार नाही. फक्त जलपरीचा पत्ता नाही.

“सिद्धेशची घंटा वाजली नाही?” आजीनं विचारलं.

हर्षदानं मान खाली घातली. त्यानं घंटा बंद करून घेतली होती, रीतसर परवानगी काढून. ती सारखी वाजायची, एवढंच ती म्हणाली.

“सारखी? का?”

हर्षदा भाताचं झाकण उचलून बघू लागली. शाल्मलीला ते विचित्र वाटलं. आई कधी मोठ्यांचा प्रश्न असा टाळत नसे.

वायरलेस पुन्हा बोलला, आणि या वेळी ते बाबा होते.

“जलपरी बोलतंय. उपग्रहाचा मशीन येडावला, माका डोंगरार दाखवता. म्हणान मनोऱ्याचा मशीन बघितलंय, माझा नेहमीचा गणित केलंय. खाडीच्या तोंडासमोर आसंय. आता आत घेतंय.”

शाल्मलीनं टाळी वाजवली. आजीनंही सुटकेचा श्वास सोडला. मनोऱ्याचं यंत्र खरं बोलत होतं, आता काळजी नव्हती. पण आईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

नेहमीचं गणित. ते फक्त हर्षदाला ठाऊक होतं. मासे कुठे मिळतात त्या जागा केळुसकरांच्या घरात तीन पिढ्यांनी जपल्या होत्या. होडीवरच्या खलाशांनी त्या बाहेर सांगू नयेत, म्हणून सिद्धेशनं उपग्रहाच्या यंत्रात मुद्दाम फरक घालून ठेवला होता. पडद्यावर प्रत्येक जागा खऱ्यापेक्षा दीड मैल उत्तरेला दिसायची. तो मनातल्या मनात दीड मैल वजा करायचा. सहा वर्षं रोज. दोन यंत्रं कधीच जुळत नव्हती ती त्यामुळे, आणि घंटा सारखी वाजायची तीही त्यामुळेच.

आज त्यानं सवयीनं मनोऱ्याच्या खऱ्या आकड्यातूनही दीड मैल वजा केले होते.

म्हणजे तो खाडीच्या तोंडासमोर नव्हता. तो तिथून दीड मैल उत्तरेला होता. तिथे म्हशीचे खडक होते, पाण्याखाली निम्मे बुडालेले, आणि तो त्यांच्याकडे वळत होता.

हर्षदानं वायरलेस हातात घेतला आणि क्षणभर तशीच थांबली. ही वाहिनी सगळ्या होड्या ऐकतात. खलाशांच्या मोबाइलमध्ये त्या पडद्याचे फोटो होते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. फरक किती, एवढंच कुणाला माहीत नव्हतं. सासऱ्यांनी जागा सांगताना तिच्याकडून देवासमोर वचन घेतलं होतं.

तिनं बटण दाबलं.

“अहो, थांबा. मनोऱ्याच्या आकड्यातून दीड मैल वजा करायचे नसतात. तो खराच आहे. तुम्ही दीड मैल उत्तरेला आहात. पुढे म्हशीचे खडक आहेत. मागे फिरा.”

मग नुसती खरखर. शाल्मलीनं आईचा हात धरला. आजी उठून उभी राहिली होती, पण उभं राहून करण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी बाबांचा आवाज आला, अगदी हळू.

“फिरवलंय. फेस दिसलो. अगदी समोर.”

हर्षदा जमिनीवरच बसली. मग बाबल्याचा आवाज आला, “दीड मैल काय गो वहिनी? म्हणान आमका थय नुसता शेवाळ गावायचा.” फोटोतल्या जागी त्याच्या जाळ्यात शेवाळाशिवाय काही आलं नव्हतं. दहा होड्यांवरचं हसणं वायरलेसमधून घरभर पसरलं. त्यात हर्षदा रडत होती ते फक्त शाल्मलीला दिसलं.

दुपारी धुकं विरलं तेव्हा तिघी जेटीवर गेल्या. वाटेत मृणालआजीनं सांगितलं, की मसुद्यात घंटा कुणालाही बंद करता येणार नाही असंच लिहिलं होतं. पण मच्छीमारांनी विनवलं, आमच्या जागा उघड्या पडतील. आणि परवानगीची पळवाट ठेवायला आपणच मान डोलावली. त्यांची भीती खरी होती, पण वाट चुकीची दिली. पडद्यावर तुम्हाला हवं ते दाखवा, आतलं यंत्र मात्र खऱ्याची खऱ्याशी तुलना करेल, असं करता आलं असतं. आता कायद्यात दुरुस्ती (झालेल्या कायद्यात केलेला बदल) सुचवायची, आणि तिचं पहिलं पान ती आज घरी गेल्यावर लिहिणार होती. शाल्मलीनं विचारलं, मग गुपितही राहील आणि घंटाही वाजेल? राहील, आजी म्हणाली. तू मोठी होईपर्यंत तर मनोऱ्यांचा ढोल आणखी हुशार होईल. प्रत्येक ठोक्यावर सही असेल, कुणाला नक्कल जमणारच नाही.

जलपरी खाडीत शिरली. बाबा नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, उभे होते. त्यांनी आईकडे पाहिलं, आईनं त्यांच्याकडे. बाबांनी नुसता हात वर केला.

शाल्मलीनंही हात हलवला, पण ती विचारात होती. तो खोटा संकेत कुठून आला, हे अजून कुणाला सापडलं नव्हतं. एखाद्या जहाजावरून असेल, किंवा कुठल्या तरी दूरच्या किनाऱ्यावरून, आजी म्हणाली होती. कुणीतरी एका खोलीत बसून एक कळ दाबली असेल.

तिनं आईचा पदर ओढला.

“आई, ज्यानं तो खोटा आवाज सोडला, त्याला माहीत होतं का गं, की होडीत माझे बाबा आहेत?”