यादीतून न जाणारे मास्तर

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी माझ्या वहिनीला विचारावं. गेला बुधवार, दुपारचे सव्वातीन, आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल.

मी मोबाइलची अ‍ॅप बनवतो. वहिनी नर्स आहे. घरोघरी जाऊन जखमांचं ड्रेसिंग करते. तिच्यासाठी मी एक साधं अ‍ॅप बनवलं होतं. पेशंटच्या नावांची यादी, बस्स. कुणाचं काम संपलं की त्याची ओळ बोटाने डावीकडे सरकवायची, ओळ गायब.

सोमवारी तिचे एक पेशंट वारले. निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणत. वहिनीने त्यांची ओळ सरकवली. गेली.

यादी खाली नेली, वर आणली...

मास्तर जागेवर.

"भाऊजी, तुमचं अ‍ॅप काही धड नाही," वहिनी म्हणाली.

मी हसलो. फोन प्रत्येक नावासाठी नवी ओळ बनवत नाही. वर सरकून दिसेनाशी झालेली ओळच तो खाली दुसऱ्या नावाने पुन्हा वापरतो. आधीचं नाव पुसायचं राहिलं की ते तसंच दिसतं. नवशिक्याची चूक. मी ती सुधारली आणि विसरून गेलो.

मंगळवारी मास्तर पुन्हा आले...

या वेळी शिंपीणकाकू म्हणून दुसऱ्या एक पेशंट आहेत, त्यांच्या जागी. काकूंचं नाव यादीत कुठेच नव्हतं. त्यामुळे त्यांच्याकडे जायचंच राहिलं आणि वहिनीला बोलणी बसली. माझं डोकं फिरलं. मास्तरांची सगळी माहिती मी मुळापासून उडवली.

बुधवारी वहिनी दुपारीच घरी आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, काकूंचं काहीतरी बिनसलंय, कालपासून त्या स्वतःच्या नावाला ओ देत नाहीत.

तिने फोन माझ्यासमोर ठेवला.

यादीत शेवटचं नाव आमच्या बाबांचं. त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती, म्हणून वहिनीने त्यांनाही यादीत घातलं होतं.

त्यांच्या बरोबर वर... मास्तर.

"ते नाव काढा आधी," वहिनी म्हणाली.

मी ओळ सरकवली. परत आली. पुन्हा सरकवली. पुन्हा आली. सातव्यांदा मी चिडून अंगठा जोरात ओढला. नेमकी तेव्हाच ती ओळ आपोआप गेली, खालची ओळ वर सरकली, आणि माझ्या अंगठ्याखाली बाबांचं नाव आलं.

बाबांची ओळ गेली.

'नक्की काढायचं का?' असं विचारणारी चौकट मीच काढून टाकली होती. वहिनीचा वेळ जातो म्हणून. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

खाली पाच सेकंद 'परत आणा' असं दिसतं. मी ते दाबलं.

एक ओळ परत आली...

मास्तर.

आतल्या खोलीत बाबांचा रेडिओ चालू होता. तो बंद झाला.

आम्ही धावलो. बाबा खुर्चीत बसले होते, अगदी नीट. मी हाक मारली. त्यांनी वर पाहिलंच नाही. तीनदा हाक मारली. मग वहिनी त्यांच्या पायाशी बसून पट्टी सोडू लागली.

"मुली, आज जरा सैल बांध," ते म्हणाले.

बाबा तिला कायम सूनबाई म्हणतात. वहिनी तशीच मागे सरकली, थेट भिंतीपर्यंत.

"मला 'मुली' अशी हाक मास्तर मारायचे," ती म्हणाली.

डॉक्टर सांगतात, वय झालं, होतं असं. असेलही. जखम तर छान भरतेय. जेवण जातं, झोप लागते. फक्त मी खोलीत गेलो की ते विचारतात, "आपण कोण?" अगदी आदराने.

त्या आदराचा मला संताप येतो. स्वतःचा त्याहून जास्त. वहिनी म्हणते आता पुरे करा, पण मी रोज बाबांचं नाव यादीत घालतो. ओळ उमटते. यादी खाली नेतो, वर आणतो...

मास्तर.

आज सकाळीही घालून पाहिलं.