करकोच्याचा साक्षीदार

माईकने अशी काही शिट्टी मारली की हॉलमधली सगळी माणसं कानांवर हात ठेवून मागे बघायला लागली. मागे मी होतो, माझ्या मशीनपाशी, एक बटण दाबत आणि दुसरं फिरवत.

स्टेजवर उभ्या असलेल्या बाईने मात्र कानांवर हात ठेवले नाहीत. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हा पक्षी आमच्या यादीत नाहीये. कुठे सापडला तुम्हाला?"

सगळे हसले. मीही हसलो. घरी जाताना लक्षात आलं, की फार दिवसांनी हसलो.

माझं सातपूरला साऊंडचं दुकान आहे. हळद, वाढदिवस, सप्ताह, काहीही असो, स्पीकर माझे. माझी बायको उज्वला दोन वर्षांपूर्वी किडनीच्या आजाराने गेली. तेव्हापासून रविवार मला जड जायचा, म्हणून रविवारचं काम कितीही लहान असलं तरी मी घ्यायचो. पक्षीमंडळाचं काम असंच लहान होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये व्याख्यान. एक माईक, दोन स्पीकर, आणि पक्ष्यांचे आवाज ऐकवायला लॅपटॉपची वायर.

ती बाई म्हणजे स्नेहल. पेठच्या शाळेत विज्ञान शिकवायची, रोज एसटीने जाऊन-येऊन. चाळिशीला आलेली. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही.

मंडळाची एक रीत होती. व्याख्यानाआधी महिन्याभरात दिसलेल्या पक्ष्यांची नोंद व्हायची. पण एकट्याने पाहिलेला पक्षी तिथे चालत नसे. साक्षीदार लागायचा. आणि ज्याने पक्षी पाहिला त्याने दाराबाहेर जाऊन थांबायचं, आत साक्षीदाराने आपल्या शब्दांत पक्षी सांगायचा. वही बाळाजी काकांच्या हातात. काका बँकेतून निवृत्त झालेले, पण बोलायचे कोर्टात असल्यासारखे.

नोव्हेंबरात मी स्पीकर गाडीत भरत होतो, तेव्हा स्नेहल जवळ आली.

"संतोषभाऊ, रविवारी सकाळी काय करता?"

"झोपतो."

"नका झोपू. मला धरणावर साक्षीदार पाहिजे. आमच्यातले सगळे लग्नांना चाललेत."

"मॅडम, मला चिमणी-कावळ्यापलीकडे काही ओळखू येत नाही."

"ओळखायचं नाहीये. दिसलं तसं सांगायचं. शिकलेले साक्षीदार पुस्तकातलं सांगतात आणि काकांच्या तावडीत सापडतात."

मी गेलो. गंगापूर धरणाच्या मागच्या बाजूला, चिखलात, कानटोपी घालून. पुढच्या व्याख्यानाला मला उभं केलं. काका म्हणाले, "सांगा." मी म्हणालो, "अंगाने कबुतराएवढा. पण पाय त्याचे स्वतःचे नव्हते. दुसऱ्या कुणाचे तरी लावल्यासारखे... लांब, गुलाबी."

हॉल हसायला लागला. काकाही हसले. "शेकाट्या. घ्या लिहून."

त्यानंतर दर वेळी मीच तिचा साक्षीदार झालो. पहाटे मी गाडी घेऊन जायचो, ती थर्मासमध्ये चहा आणायची. बोलणं फार नसायचं. कधी ती दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावून द्यायची आणि माझी मान हलकेच फिरवायची – "तिकडे नाही हो, त्या बाभळीवर." जानेवारीत कधीतरी तिने भाऊ म्हणायचं सोडलं. माझ्या लक्षात आलं होतं. बाळाजी काकांच्याही आलं असावं, कारण ते मला विचारायला लागले, "काय हो, हल्ली साऊंडपेक्षा पक्षीच जास्त बघता?"

तिला एक पक्षी नोंदवायचा होता. काळा करकोचा. दोन वर्षांपूर्वी तिने तो एकटीने पाहिला होता. साक्षीदार नव्हता, आणि पांढऱ्या मानेचा करकोचा इकडे नेहमी दिसतो, तोच असेल, असं सगळे म्हणाले होते. एकाने तर, "मॅडम, चष्म्याचा नंबर तपासा," असंही सुनावलं होतं. ती ते विसरली नव्हती.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी पाण्यावर धुकं होतं. आम्ही दगडावर बसलो होतो. ती अचानक उठली आणि तिने माझ्या दंडाला धरलं.

"संतोष... तो बघा. मान बघा त्याची, काळी आहे! पूर्ण काळी!"

मी तिच्याकडे बघितलं. थंडीने तिचं नाक लाल झालं होतं. डोळ्यांत पाणी होतं, तोंड उघडं राहिलं होतं, लहान मुलीसारखं. तिचं बोट आभाळात होतं, आणि मी बोटाच्या दिशेने बघायला पाहिजे होतं. नाही बघितलं.

अर्धं मिनिट गेलं असेल. करकोचा टेकडीमागे उतरला.

"बघितला ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

तो आठवडा मला झोप लागली नाही. पक्ष्यामुळे नाही. त्या अर्ध्या मिनिटात मला उज्वलाची आठवण नव्हती. दोन वर्षांत असं पहिल्यांदा झालं होतं.

पहिला रविवार आला. स्नेहल दाराबाहेर जाऊन उभी राहिली. जाताना माझ्याकडे बघून हसली. काकांनी वही उघडली.

"काळा करकोचा, असं मॅडमचं म्हणणं आहे. संतोष, एकच प्रश्न. मान कोणत्या रंगाची होती?"

उत्तर मला माहीत होतं. तिनेच ओरडून सांगितलं होतं. काळी, एवढं एक म्हटलं की झालं.

"मी पाहिला नाही," मी म्हणालो.

"म्हणजे? तुम्ही तिथे होता ना?"

"होतो."

"मग काय करत होता?"

पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. मी खाली बघितलं. काकांनी वही मिटली. "नोंद नाही."

ती आत आली. कुणीतरी तिला हळू आवाजात सांगितलं, आणि हॉलमध्ये हसू पिकलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी गवताळ माळावरच्या पक्ष्यांवर व्याख्यान होतं. त्यातलं मला काही आठवत नाही.

हॉल रिकामा झाल्यावर मी वायरी सोडवत होतो. ती समोर येऊन उभी राहिली.

"मला हो का म्हणालात? तिथेच नाही म्हणाला असतात, तर मी काकांपुढे नावच दिलं नसतं. आज परत हसले सगळे. दिसलं ना तुम्हाला?"

"दिसलं."

"मग इथे तरी खोटं बोलायचं! काळी म्हणायला काय जात होतं?"

"तुमचा पक्षी खरा होता. त्याला खोटा साक्षीदार कशाला?"

तिने हळू विचारलं, "पण तुम्ही बघत काय होता? एवढा मोठा करकोचा... डोक्यावरून गेला."

आता नाही सांगितलं तर कधीच सांगता येणार नाही, हे मला कळलं.

"तुमच्याकडे," मी म्हणालो. "तुमच्याकडे बघत होतो. उज्वला गेल्यापासून कुणाकडे असं बघितलं नव्हतं. माझीच मला लाज वाटली, म्हणून हो म्हणून गेलो."

ती खुर्चीवर बसली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती. आम्ही दोघंही ते ऐकत बसलो.

"अजून वाटते लाज?" तिने विचारलं.

"थोडी."

"थोडी असू द्या," ती म्हणाली. "तिच्यासाठी."

तिने रुमालाने नाक पुसलं आणि एकदम शाळेतल्या आवाजात म्हणाली, "पण माझा करकोचा गेला तो गेलाच ना! पुढच्या रविवारी परत जायचं. आणि आधी आभाळात बघायचं, कळलं? मी कुठे उडून जाणार आहे?"

"कळलं," मी म्हणालो.

ती उठली, जमिनीवर पडलेल्या लांब वायरीचं एक टोक उचललं आणि कोपरावरून गुंडाळायला लागली. तशी गुंडाळली की वायरीला पीळ पडतो, आतून तुटते. दुकानातल्या कुणालाही मी ती तशी गुंडाळू दिली नसती. मी दुसरं टोक धरून उभा राहिलो, आणि तिची गुंडाळून होईपर्यंत हळूहळू तिच्या दिशेने सरकत गेलो.