सहा माणसांची लिफ्ट

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला मेकॅनिक देवासारखा दिसतो आणि बाहेर पडताच चोरासारखा. आम्ही राहतो त्याच इमारतीची लिफ्ट मी सांभाळतो, त्यामुळे शिव्याही घरपोच मिळतात.

वर मशीनरूममध्ये फेऱ्या मोजणारा सहा आकडी काउंटर आहे. तो १४२८५७ वर असताना लिफ्ट एकदा थबकली. आत कुणी नव्हतं, पण पॅनेलवर एका माणसाचं वजन दिसत होतं. मी सेन्सर बदलला. काही महिन्यांनी २८५७१४ व्या फेरीला रिकाम्या लिफ्टमध्ये दोघांचं वजन. पुढे ४२८५७१ ला तिघांचं.

जेवताना हे सांगितलं तर बायको हातातला घास तसाच धरून हसायला लागली. ती शाळेत गणित शिकवते.

"अहो, ही एकच संख्या आहे! दुप्पट करा, तिप्पट करा, सहापटीपर्यंत तेच आकडे गोल फिरतात."

"आणि सातपट?"

"मग सगळे नऊच नऊ."

"लिफ्ट सहा माणसांची आहे," मी म्हणालो. ती हसायची थांबली.

चौघांचं, पाचांचं, सहाजणांचं वजन ठरल्या फेरीला आलं. सातव्या वेळी मात्र लिफ्टमध्ये कुणी जिवंत माणूस नको, एवढं मी ठरवून टाकलं. आकडा ९९९९९८ झाला की सरळ बंद.

तो दिवस उजाडला आणि नेमकं त्याच सकाळी सासूबाईंनी बाहेर जायचं काढलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या तीन महिने घरात होत्या. खाली बाकावर मैत्रिणी वाट बघत होत्या.

"अर्धा तास थांबा," मी म्हणालो.

"जावईबापू, तुमच्या लिफ्टपेक्षा माझा गुडघा भरवशाचा आहे," त्या हसल्या.

मी वर गेलो. काउंटरवर ९९९९९८. बटणाकडे हात नेला, तोच बायको धापा टाकत आली.

"अहो, दार सताड उघडं आहे आणि आई घरात नाही!"

खालून जादा वजनाची घंटा वाजायला लागली. बंद केली तर सासूबाई आतच अडकणार. मी हात मागे घेतला.

घंटा थांबली.

आकडा सरकला. ९९९९९९.

आम्ही जिन्यावरून धावत सुटलो. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि सासूबाई काठी टेकत ठणठणीत बाहेर आल्या. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

"काय गर्दी गं बाई! घंटा थांबेना. शेवटी एकजण उतरला, मला जागा दिली. भला माणूस."

"कुठे उतरला, आई?"

"आपल्याच मजल्यावर. दार उघडं होतं ना, आत गेला. मला वाटलं, तुमच्याकडेच आलाय."

आम्ही तिघं वर आलो. पॅनेलवर फक्त आमचं वजन होतं. घराचं दार आतून लावलेलं होतं.

"बघा, आहे की घरात," म्हणत सासूबाईंनी आनंदाने बेल दाबली.

आत कुणीतरी कडी काढली.