न दिसणारे तंतू

प्रेमिला मेश्राम त्या सेमिनारला गेली ती निव्वळ कुलरसाठी. १९८६चा मे महिना. बाहेर नागपूरचं ऊन भाजून काढत होतं आणि कॉलेजातल्या तिच्या एक्स-रे लॅबचा पंखा सकाळीच बंद पडला होता. हॉलच्या मागच्या दारातून ती आत शिरली, वाळ्याच्या ओल्या वासात डोळे मिटून बसली... आणि मग तिला फळ्याजवळचा आवाज ऐकू आला.

"सगळे कण म्हणजे थरथरणारे इवले तंतू आहेत. आणि जग चार नाही, दहा मितींचं आहे. उरलेल्या मिती इतक्या बारीक गुंडाळल्यात, की दिसत नाहीत."

बोलणारा उंच, किडकिडीत मुलगा होता, बाहीभर खडू माखलेला. चंद्रभान भोयर. संशोधनासाठी मद्रासला जायचं, एवढा एकच ध्यास घेतलेला.

दिवसभर स्फटिकांचे फोटो मोजणाऱ्या प्रेमिलाला हे जरा जास्तच वाटलं. ती उभी राहिली.

"हे खोटं असलं, तर आपल्याला कळणार कसं?"

चंद्रभाननं वळून तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. "आजच्या यंत्रांनी तर... नाही कळणार."

पुढे बसलेले विभागप्रमुख गोपाळराव खदखदून हसले. "शाब्बास पोरी! तपासता येत नाही, ते विज्ञानच नव्हे."

दुसऱ्या दिवशी चंद्रभान लॅबच्या दारात हजर.

"मॅडम, तुमच्या प्रश्नानं जेवण गोड लागून नाही राहिलं."

"मग, उत्तर सापडलं?"

"अर्धं सापडलं. चहा पेता पेता सांगतो."

"काहून? उभ्यानं नाही सांगता येत?"

"येते नं. पण लवकर संपते."

ती हसली, आणि तिथंच सारं सुरू झालं. चहा थंड व्हायचा, वाद तापायचा. "या गणितातून गुरुत्वाकर्षण आपोआप निघते," तो म्हणायचा. "ते तर आधीच माहीत आहे, नवीन काही सांग," ती म्हणायची. ‘तुम्ही’चं ‘तू’ केव्हा झालं, दोघांनाही कळलं नाही. संध्याकाळी तो तिला कामठीच्या बसपर्यंत सोडायला यायचा. त्याची खोली होती वाडीला, म्हणजे बरोबर उलट्या बाजूला!

पावसाळा सरत आला आणि एकाएकी त्याचं येणं थांबलं. लॅबमधल्या सुमतीनं प्रेमिलाला कारण सांगितलं. गोपाळरावांनी मद्रासची शिफारस नाकारली होती. ‘त्या मेश्रामच्या प्रश्नाला याच्याकडे उत्तर नव्हतं,’ असं म्हणाले होते. चंद्रभान आता काटोलला, आपल्या गावी, शाळेत मास्तर होणार होता.

प्रेमिला तशीच गोपाळरावांच्या खोलीत गेली.

"सर, मी प्रश्न विचारला होता. निकाल नव्हता दिला."

"तो सिद्धांत सिद्ध होईल असं वाटतं तुला?"

"माहीत नाही. कदाचित नाहीच होणार. पण आज तपासता येत नाही आणि कधीच तपासता येणार नाही, यात फरक आहे ना सर? तपासायची वाट शोधायला तरी कुणी जायला हवं. आणि त्यानं..." ती टेबलाजवळ सरकली. "त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, नाही कळणार म्हणून. थाप नाही मारली. असा माणूस नाही पाठवायचा, तर कसा पाठवायचा?"

गोपाळरावांनी चष्मा काढला. "त्याचं वकीलपत्र केव्हापासून घेतलंस?"

तिचे कान तापले.

"बरं, पाठव त्याला उद्या."

खोली रिकामी करायला आज काटोलहून आलेल्या चंद्रभानला तिनं निरोप धाडून बसस्टॉपवर बोलावलं आणि हे सांगितलं, तेव्हा तो खांबाला टेकून उभा राहिला.

"मद्रास लय लांब आहे वं. वर्षं जातील. अन् शेवटी सिद्धांत खोटा निघाला तर?"

"तर मी पेढे वाटीन! खोटा ठरवता आला, म्हणजे विज्ञानच होतं की ते."

तो हसला. मग हळूच म्हणाला, "अन् माह्याबद्दल काही प्रश्न?"

"तुह्याबद्दल..." ती रस्त्याकडे पाहत राहिली. "तुह्याबद्दल मले प्रश्नच नाही गा."

मग तीच म्हणाली, "पण घरचे? आम्ही बौद्ध, तुम्ही कुणबी."

"काल गावी आईले सांगितलं मी."

"काय? मले सांगायच्या आधी?"

"तिचीच भीती जास्त होती नं!"

"मग... काय म्हणे?"

"जेवली नाही. बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सकाळी मी निघालो, तर दारापर्यंत आली अन् विचारलं..." तो थेट तिच्याकडे वळला. "पोरीले भाकर आवडते का पोळी?"

बस आली. कंडक्टर "कामठी, कामठी" ओरडला. प्रेमिलानं ती जाऊ दिली.

"भाकर," ओल्या डोळ्यांनी हसत ती म्हणाली. "आईले सांग... भाकर."