लिहून राहिली

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांतली मी नाही. मी वरठीची. आमच्याकडे रात्रंदिवस कारखान्याची घरघर आणि मालगाड्यांची धडधड, तिथे भुतांना तरी झोप कुठून लागणार? भंडाऱ्याच्या एका छोट्या ऑफिसात मी लोकांच्या वेबसाइट्स सांभाळते. कोणाचा पासवर्ड हरवतो, तो मी मिळवून देते. आयुष्यात याहून गूढ काही आपल्या वाट्याला येणार नाही अशी माझी खात्री होती. यंदाच्या पौषात जे घडलं ते सांगते. मधे हसलात तरी चालेल, सुरुवातीला मीही हसलेच होते.

मोहरटोली नावाचं गाव काही वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्यात गेलं. माणसं उचलून माळावर नवी मोहरटोली वसवली. गावातला भुपेंद्र नावाचा पोरगा पुण्याला नोकरीला होता, त्याने बुडालेल्या गावाची वेबसाइट केली. प्रत्येक घराचं एक पान. त्या घरच्यांनी तिथे आठवणी लिहायच्या, फोटो लावायचे. लिहिण्याचं साधन भुपेंद्रनेच बनवलं होतं आणि त्यातल्या साऱ्या सूचना आमच्या भंडाऱ्याकडच्या झाडीबोलीत होत्या. काही चुकलं तर पडद्यावर यायचं, ‘जमलं नाही, अजून एक डाव कर.’ कोणी पान उघडून लिहीत असेल तर ते दुसऱ्यांसाठी कुलूपबंद व्हायचं आणि वर ओळ दिसायची, ‘लक्ष्मणराव लिहून राहिला.’ म्हणजे लिहीत आहे, थांबा जरा. पुण्यामुंबईचा माणूस ही ओळ वाचून म्हणेल, लिहून झालं आणि मागे राहिला. आमच्या बोलीला दोन्ही चालतं.

आता ते साधन म्हातारं झालं होतं. ज्या सर्व्हरवर ते चालायचं तो बंद होणार होता. नवं साधन तयार होतं, चकचकीत, शुद्ध मराठीतलं. जुन्यातली माणसं नव्यात न्यायची एवढंच माझं काम. मी सगळ्यांना संदेश पाठवला, ‘आपले स्थलांतर नवीन प्रणालीत करण्यात येत आहे.’ अक्कल गहाण ठेवून लिहिलेलं वाक्य. दुपारभर माझा फोन वाजत राहिला. “अजून कुठं नेऊन राहिले आमाले?” एका आजोबांनी तर शांतपणे विचारलं, “या डावी प्लॉट केवढा भेटते?”

सगळ्यांची समजूत काढून मी कामाला लागले. अडचण एकच. काही पानं कुलूपबंद होती. फोनमध्ये पान उघडून तसंच सोडून दिलं की असं होतं, त्यात नवल नाही. जुन्या साधनात ‘कुलूप तोडा’ असं एक बटण होतं, ते दाबून मी माणूस नव्या साधनात नेत होते. पहिलं तोडलं ते लक्ष्मणरावांचं.

दोन-तीन दिवसांनी त्यांच्या बायकोचा, शकुनकाकूंचा फोन आला. तक्रार नव्हती. आवाज जरा दबका होता.

“बाई, आमचे बुढे आता दोन मानसाचं जेवते.”

“बरं आहे की काकू.”

“आन खाटेवर सरकून झोपते… बाजूले जागा ठेवून. कोनासाठी म्हनलं, तं हासते. म्हनते, आता मी पुरा आलो.”

मी त्यांना डॉक्टरला दाखवा म्हटलं आणि विसरून गेले. मग त्याच गावातून तसलेच आणखी फोन आले. ज्यांची कुलपं तोडली होती त्यांच्याच घरांतून, बाकी कुठूनही नाही. एक म्हातारी झोपेत स्वतःशी बोलत होती आणि उत्तरंही देत होती. दुःखी कोणीच नव्हतं. उलट सगळे निवांत, बऱ्याच वर्षांनी पोटभर झोपल्यागत. मला मात्र ते ऐकून बरं वाटेना.

शेवटच्या दिवशी एकच कुलूप उरलं होतं. ‘चंद्रभागाबाई लिहून राहिली.’ सकाळी तिचाच फोन आला.

“पोरी, माहं कुलूप तोडशीन नको. पयले घरी ये.”

सर्व्हर संध्याकाळी सहाला बंद होणार होता. मी लॅपटॉप पाठीवर टाकला, स्कूटी काढली, कारध्याचा पूल ओलांडला आणि उजवीकडे वळले. धानाची मळणी आटोपलेली, बांधाबांधावर तणसाचे ढीग, हवेत त्याचा कोरडा गोडसर वास. मधेमधे नदीचं साचलेलं पाणी रस्त्याजवळ यायचं आणि त्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले दिसायचे. त्या पाण्याकडे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि नंतर पाहायचं टाळलं.

चंद्रभागाबाई दारात बसून मासोळीचं जाळं विणत होती. साठीची, किरकोळ बांध्याची, बोलण्यात ठसका. तिने चहा ठेवला. तिच्याकडे जुना बटणांचा फोन होता. त्या फोनवर वेबसाइट उघडतच नाही, लिहिणं तर दूर.

“काकू, तुमच्या नावाने तिथे कोण लिहितंय?”

“मीच.”

“तुम्ही तर इथे बसल्या आहात.”

“मी आली पोरी. पन राहिली बी.” जाळ्याची गाठ मारत ती सहज बोलली. “ट्रक आला तवा सारं आनलं. देव आनले, घरावरचे कवेलू आनले, दाराच्या चौकटी आनल्या. माहा मानूस तं पुराच आला, ट्रकमधी सगळ्यात पयले तोच बसला. मले येता नाही आलं पुरं. मागं लेकरू होतं.”

मग तिने सांगितलं. लग्नानंतर वर्षभरात झालेला मुलगा. बारसंही झालं नाही त्याचं, त्याआधीच गेला. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, म्हणून घराच्या मागे, नदीच्या अंगाला मोहाच्या झाडाखाली पुरला. पुढे मूल झालं नाही. गाव उठलं, नवरा इकडे आल्यावर वारला, आणि लेकरू पाण्याखाली तिथेच.

“त्याच्यापाशी कोनी तरी रायलं पायजे ना. म्हनून ती हाय तिथं. तू कुलूप तोडलं तं तीबी इथं येईन, लक्ष्मणरावचा आला तसा. मंग लेकरू एकटं…”

मी लॅपटॉप उघडला. आत खोलवर कुठेतरी मला अजूनही वाटत होतं, की भुपेंद्रने खातं बनवताना पान उघडं ठेवलं असेल, एवढंच. मी तिच्या घराचं पान काढलं. वर तीच ओळ. खाली मजकूर होता, छोटा.

‘पानी वरतून हिरवं दिसून राहिलं. लेकरू झोपलं.’

मी पान ताजं केलं. रिफ्रेश होताच माझ्या डोळ्यांसमोर मजकूर बदलला.

‘लेकरू उठलं. मांडीवर घेतलं.’

खोलीत चिखलाचा वास आला. गार, जुन्या पाण्याचा. चंद्रभागाबाईने नुसती मान हलवली, शेजारच्या खोलीतून ओळखीचा आवाज आल्यावर हलवतात तशी. मला रडू येत होतं आणि भीतीही वाटत होती, आणि त्यातलं आधी कोणतं हे मला आजही सांगता येणार नाही.

“काकू,” मी म्हटलं, “कुलूप तोडलं काय आणि नाही काय, सहाला ते सगळंच बंद होणार आहे. मग त्या दोघांचं काय होईल मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.”

तिचे हात थांबले. तिने जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “मंग लेकराले बी आन.”

वेड्यासारखं वाटेल, पण ते करता येण्याजोगं होतं. जुन्या साधनात त्याच्या नावाने खातं काढायचं आणि ते नव्यात न्यायचं. मी रकाने भरू लागले. पहिल्याच रकान्यावर अडले. नाव रिकामं सोडलं की पडद्यावर भुपेंद्रची ओळ यायची, ‘नावाबिगर जमत नाही.’

“नाव काय त्याचं?”

“नाव ठेवलंच नाही.” तिने पदराने तोंड पुसलं. “ईश्वर लिह. माह्या बापाचं नाव.”

मी लिहिलं. तिने पडद्यावरची अक्षरं एकेक करून वाचली, ओठ हलवत. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी तिच्या पोराचं बारसं झालं, माझ्या लॅपटॉपवर, चहाचा कप बाजूला ठेवून. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

मग नवं साधन आडवं आलं. त्याला प्रत्येक माणसामागे एक मोबाइल नंबर लागायचा आणि एका नंबरवर एकच माणूस. चंद्रभागाबाईकडे फोन एकच.

“माझा नंबर टाकू का त्याच्यासाठी?” मी विचारलं.

“मंग तो तुह्या घरी येईन.”

मी कीबोर्डवरून हात काढून घेतला. शेजाऱ्यांचा नंबर घ्यावा तर तेच. नवं सिम आणायचं तर भंडाऱ्याला जाऊन येईपर्यंत सहा वाजून जाणार होते. बाहेर उन्हं उतरली होती. दोघांपैकी एकालाच आणता येणार हे मी तिला सांगितलं तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला.

तिने क्षणभरही विचार केला नाही.

“त्याले आन.”

“आणि ती?”

“ती मीच होय ना पोरी. मी काय म्हनीन ते मले मालूम नाही का? ती बी हेच म्हनीन.”

तिच्या फोनवर सहा आकडे आले. तिने ते मोठ्याने वाचले, मी टाकले. नव्या साधनाने हिरवी खूण दाखवून शुद्ध मराठीत लिहिलं, ‘ईश्वर, आपले स्वागत आहे.’ चंद्रभागाबाई उठून आत गेली. तिथे साडीची झोळी बांधायचा आवाज आला, मग तिचं हळू गुणगुणणं.

मी एकटीच पडद्यासमोर होते. सहाला थोडा वेळ होता. जुन्या साधनातलं पान अजून उघडं होतं, आणि वर अजून लिहिलेलं होतं, ‘चंद्रभागाबाई लिहून राहिली.’ मी पान ताजं केलं.

‘लेकरू मांडीवर नाही.’

पुन्हा केलं.

‘मोहाखाली पाह्यलं. नाही. लेकरू दिसून नाही राहिलं.’

आणि मग,

‘कोनी नेलं…’

त्यानंतर पान उघडलं नाही. सहा वाजले होते.

मी लॅपटॉप मिटला. आत गुणगुणणं चालू होतं. मी काय करायला हवं होतं? आत जाऊन सांगायचं, की तिला तुम्ही विचारलंच नाही? की ती तुम्ही असूनही तुम्ही नव्हती? त्या बाईच्या आवाजात इतकं सुख होतं, की मी दारातूनच “निघते काकू” म्हटलं आणि स्कूटी काढली.

पुढचे काही दिवस चांगले गेले. काम पूर्ण झालं म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मोहरटोलीचे लोक नव्या साधनात लिहायला लागले, त्याच्या भाषेला हसायला लागले. मी रात्री दिवा लावून झोपत होते, पण झोपत होते.

परवा भर दुपारी चंद्रभागाबाईचा फोन आला. तिच्या मागे तान्हं मूल रडत होतं. मी ते स्पष्ट ऐकलं. शेजारचं असेल म्हणून मी स्वतःला फसवू शकले असते, पण ते रडणं ओलं होतं, मधेमधे घशात पाणी गेल्यासारखं अडकत होतं.

“रडते पोरी. आल्यापासून रडून राहिला. मी घेतो तं अजून रडते.” तिचा आवाज पार थकलेला होता. “मी याची माय होय. पन याले माह्या हाताची ओळखच नाही. इतके वर्स तिच्याच मांडीवर होता ना… याले ती पायजे.”

मागे थोपटल्याचा आवाज आला.

“तिले आनता येईन का आता? माहं जाऊ दे. मी नाही घेनार त्याले. तिले आन.”

“काकू, ते बंद झालं. आता उघडत नाही ते.”

फोनवर नुसतं रडणं. मग एकाएकी ते रडणं थांबलं, मधेच, कोणी तोंडासमोर खुळखुळा धरल्यागत. मूल हुंकारलं. आणि हसलं.

“काय झालं काकू?”

“दाराकडं हात करून राहिला…” ती कुजबुजली. “पोरी, ठेवतो मी. मागचं दार कोनी वाजवून राहिलं.”

फोन बंद झाला. मी त्या घरात दुपारभर बसले होते. नव्या मोहरटोलीतली सगळी घरं एकाच नकाशाबरहुकूम बांधलेली आहेत. त्यांना मागचं दार नाही.