लाल काठीचा पहारा

“काठीच्या पलीकडे पाऊल टाकाल, तर तंगडं मोडून हातात देईन,” मामाने बजावलं. समुद्रकाठच्या या राखीव रानाचा तो रक्षक होता आणि सुट्टीला आलेल्या बहिणीच्या कुटुंबाला फिरवत होता. टिटवी उघड्या वाळूतच अंडी घालते. ती कुणी तुडवू नयेत म्हणून मामा प्रत्येक घरट्याशी लाल काठी रोवायचा. आतापर्यंत एकतीस झाल्या होत्या आणि स्वारी भलतीच खूश होती.

“मामा, या घरट्यात काहीच नाही,” ढब्बू म्हणाला.

“त्यातही नाही,” ताईने पुढचं दाखवलं.

“पिल्लं गेली चरायला. तुझ्यासारखी बसून खातात थोडीच!”

आई-बाबाही हसले. ढब्बूचे कान तापले.

तेवढ्यात त्याला मामाच्या नजरेतून सुटलेलं, बिनकाठीचं घरटं दिसलं. त्यात मात्र चारही अंडी शाबूत होती! त्याने ताईला मागे ओढलं. रिकाम्या घरट्याजवळची काठी उपटून त्यांनी लांब मोकळ्या वाळूत रोवली आणि दोघं झुडपाआड दडली.

पाच मिनिटांत कावळा आला. काठीभोवती वाळू उकरून पाहिली आणि काही मिळेना, तसा पुढच्या काठीकडे उडाला.

“मामाने कावळ्यांना घरपोच पत्ता दिलाय,” ढब्बू पुटपुटला.

“आणि तो बघ, आणखी एक रोवतोय.”

दोघं ओरडत, हात हलवत जीव तोडून धावली. मामाला वाटलं, पोरं मजेत आहेत. त्यानेही हात हलवला आणि पुढे चालू लागला.

दोघं त्या नव्या काठीपाशी पोहोचली तेव्हा घरट्यातली तीन अंडी फुटलेली होती. चौथ्यातलं पिल्लू बाहेर आलं होतं. कावळ्याने ते त्यांच्यादेखत उचललं. ताई रडायला लागली. ते ऐकून मामा मागे फिरला, तेव्हा ढब्बूने त्याला काठीचं आणि कावळ्याचं सगळं सांगितलं.

“उगाच काहीतरी! योगायोग असेल,” मामा म्हणाला.

ढब्बूने त्याच्या हातात काठी दिली. “तूच रोव. कुठेही.”

मामाने रोवली. कावळा आला. मामा एकेक काठी उपटू लागला.

“शाबास रे पठ्ठ्या,” बाबांनी पाठ थोपटली. “मोठ्यांना जमलं नाही ते केलंस.” आईनेही जवळ घेतलं. ढब्बूला ती शाबासकी नकोशी झाली.

मागे टिटवी परतली होती. तिने टरफलं चोचीने बाजूला सारली आणि रिकाम्या खळग्यात पंख पसरून बसली.

“उठेल ना ती?” ताईने विचारलं.

“दोन-तीन दिवसांनी,” मामा म्हणाला. “सगळ्या तशाच बसल्या होत्या. मला वाटायचं, अंडी उबवतायत.”