सैतानाचे बोल्ट

त्या दिवशी सकाळपासून नदीवर धुकं बसलेलं, ते उठायचं नावच घेईना. अठराशे चोपन्नचा ऑक्टोबर. वाऱ्याची झुळूक नाही, आणि ओल अशी की उशीसुद्धा दमट लागावी.

हसा पोरांनो, हसा. पण असाहेल ग्रोटनला मी ओळखत होतो, म्हणून सांगतो.

असाहेल जहाजाच्या फटींत डांबरी काथ्या ठासायचा. त्याची लेक थँकफुल पेटेंगिलांच्या घरात दिलेली. ते दोघे भाऊ: थोरला लेम्युएल जहाजं बांधायचा, धाकटा होझिया ती घेऊन पार चीनपर्यंत जायचा. होझिया असाहेलचा जावई. दुसऱ्या दिवशी भरतीला नवं जहाज पाण्यात उतरणार होतं, आणि होझियाबरोबर थँकफुल नि तिचं तान्हं बाळही निघणार होतं. आमचे कप्तान बायकामुलं बरोबरच नेत.

अंधार पडल्यावर असाहेल बाळाचा पाळणा घेऊन काठावरच्या जहाजापाशी गेला. शिडीशी लेम्युएल उभा.

"द्या काका, मी ठेवतो. या वयात कशाला चढता?"

"रोज चढतो की. आजच बरा पाय घसरेल?"

"एफ्रेमचा घसरलाच ना!"

एफ्रेम म्हणजे पेटेंगिलांचाच लोहार, बोल्ट घडवणारा. वसंतात परांचीवरून पडून मेला. पडला, असं लेम्युएल सांगायचा. बघितलेलं कुणीच नव्हतं.

असाहेल चढलाच. कप्तानाच्या खोलीत पाळणा ठेवला. तेवढ्यात खालून आवाज आला.

ठण.

कुणीतरी हातोडीनं बोल्ट वाजवून बघत होतं. तांब्याचा बोल्ट लाकडातून आरपार गेलेला असला, की असा खणखणीत वाजतो.

ठण... ठण...

भद्द.

कंदील घेऊन तो खाली उतरला. "कोण आहे?"

भद्द. अगदी शेजारी.

हातोडी नाही. माणूस नाही. फक्त एका बोल्टचं डोकं हलत होतं... आपलं आपणच. ते निघालं. पायाशी पडलं.

बोटभर तुकडा. मागं काहीच नाही.

दोन्ही बाजूंनी नुसती डोकी ठोकायची, मधला बोल्ट गाळायचा. तांबं वाचतं, माणसं बुडतात. आमच्याकडे याला सैतानाचा बोल्ट म्हणतात.

सकाळी जहाजापाशी गाव जमला, तेव्हा त्यानं तो तुकडा जावयासमोर धरला. लेम्युएल हसला. "हजारांत एखादा चुकतो. काकांना लेक सोडवत नाही, दुसरं काय!"

"बाबा, लोकांसमोर काय हे!" थँकफुल लाजून म्हणाली.

"होझिया, बाहेरून बघ," असाहेल एवढंच बोलला.

धुकं गेलं होतं. लाकूड कोरडं. पण कित्येक बोल्टांभोवती पाणी सुटलं होतं... आसवांसारखं खाली ओघळत होतं. आणि जहाज अजून नदीला शिवलंही नव्हतं. असाहेलनं पटाशी घालून ओला बोल्ट उचकटला. बोटभर. दुसरा... बोटभर.

होझियानं भावाकडे एकदाच पाहिलं. बाळ स्वतःकडे घेतलं, आणि सामान घरी न्यायला सांगितलं.

"हे एफ्रेमनं दाखवलं," गर्दीत कुणीतरी पुटपुटलं.

लेम्युएलचा चेहरा पडला होता, तरी तो थेंब चाखून म्हणाला, "खारट! लाकूड टिकावं म्हणून आत मीठ भरतोच ना आपण? तेच पाझरतंय. भुतं कसली!"

तेवढं खरंच होतं. माणसं पांगू लागली.

हुल्डा मागं राहिली. एफ्रेमची विधवा, असाहेलची शेजारीण. तिनं त्या ओलीवर तळवा ठेवला... बराच वेळ. गारठा एवढा, की तोंडातून वाफ निघत होती. मग ती असाहेलकडे वळली.

"मीठ असेल रे दादा. पण हे कोमट आहे."